पाडव्याला फोडाफोडी आणि जूनमध्ये बाळ

पत्र

ताई, नमस्कार.

परवा मला चोवीस आठवडे पूर्ण झाले. तारीख १६ जून मिळाली आहे. पहिलंच बाळंतपण. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे. मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं राहतो. इमारत १९८८ ची. बाळ यायच्या आत घर नवं करायचं असं नवऱ्याच्या डोक्यात बसलंय. त्याची यादी अशी: संडास-बाथरूम फोडून नवं, नवा ओटा, मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल्स, कन्सील्ड वायरिंग, हॉलला फॉल्स सीलिंग, रंग, आणि बाल्कनी आत घेऊन बाळासाठी छोटी खोली. काँट्रॅक्टर म्हणतो, पाडव्याला सुरुवात करतो, ४५ दिवसांत किल्ली हातात देतो. साडेसहा लाख सांगितलेत. सासूबाई म्हणतात, पोटुशी बाई घरात असताना भिंतीला खिळासुद्धा ठोकू नये. सांगलीहून आई रोज फोन करते, सरळ इकडे निघून ये. ठाकुर्लीची नणंद म्हणते, आमची एक खोली रिकामी आहे, दोन महिने राहा. माझी नोकरी चालू आहे आणि दवाखान्यात नाव डोंबिवलीतच घातलंय. मी कोणाचं ऐकू?

आणि एक खरं सांगू? मी इथून हलले, तर परत येईन तेव्हा ओटा कोणाच्या उंचीचा झालेला असेल? हे मी घरात कोणाला बोललेले नाही.

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा यादी वाचली, दुसऱ्यांदा शेवटचं वाक्य. त्या वाक्याकडे शेवटी येते. आधी यादीची छाटणी करू, कारण ती तुझ्या नवऱ्याने प्रेमाने आणि हिशेब न करता केलेली आहे.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात पंचवीसेक वर्षं मी घरदुरुस्तीची छोटी कामं घेत होते. तुझं घर न बघताही मला दिसतंय. करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, शेजारी शेजारी वेगळे संडास आणि बाथरूम, खिडक्यांना ऑइल पेंटचे पाच-सहा थर आणि बाल्कनीवर सिमेंटचा पत्रा. चुकले असेन तर कळव.

माझ्या स्वतःच्या घरी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी पुस्तकातून बोलत नाही हे कळेल. माझी मुलगी तीन आठवडे आधी आली. तेव्हा आमच्या बाथरूमला दार नव्हतं, नळाच्या जागी भिंतीतून निघालेले दोन पाइप होते आणि प्लंबर लग्नाला गावी गेला होता. दुसऱ्यांची घरं वेळेत करून देणारी मी, टाके पडलेल्या अंगाने आठ दिवस शेजारणीच्या बाथरूममध्ये आंघोळीला जात होते. शेजारीण फार चांगली होती. तरीही ते आठ दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून आधी दिवस मोजू. १६ जून ही तारीख अंदाजाची आहे. नेमक्या दिलेल्या तारखेला जन्माला येणारी बाळं शंभरात चार-पाचच. सदतीस आठवडे २६ मे रोजी भरतात आणि तिथून पुढे कधीही पिशवी उचलावी लागेल असं धरून चालायचं. पाडवा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. त्यापुढे ४५ दिवस म्हणजे मेचा पहिला आठवडा, कागदावर छान बसतं. पण या यादीचे ४५ दिवस मी आजवर कधी पाहिलेले नाहीत. होळीला गेलेले सुतार आणि रंगारी आठ दिवसांचे पंधरा करून येतात, कोकणातले गवंडी शिमग्याला जातात, एप्रिल-मेमध्ये प्रत्येकाच्या घरी एक लग्न निघतं. माझा अनुभव विचारशील तर पंचाहत्तर दिवस धर. म्हणजे जूनचा पहिला आठवडा, नवव्या महिन्यात तू, अर्धवट घर आणि दारात पाऊस. पावसाळी हवेत ना पुट्टी वेळेवर सुकते ना रंग.

पाडव्याचा मुहूर्त राहू दे. तसंही त्याआधी माणसं मिळणार नाहीत. मात्र काम संपायचा मुहूर्त आपण ठरवायचा. फोडाफोडी आणि सिमेंटचं सगळं काम १५ एप्रिलपर्यंत, रंग एप्रिलअखेर, आणि १५ मेनंतर घरात हातोडी उचलायची नाही. मधले पंधरा दिवस घर रिकामं, खिडक्या उघड्या, पंखे चालू. या चौकटीत जे बसणार नाही ते यंदा करायचं नाही. अर्धी यादी इथेच गळेल आणि ती गळावी अशीच माझी इच्छा आहे.

आता सासूबाई. पोटुशी बाई घरात असताना खिळा ठोकू नये, यामागे त्यांचं कारण काहीही असेल, तू त्यावर वाद घालू नकोस. एक कारण मी देते. तुमच्या इमारतीतल्या दारं-खिडक्यांचा आणि ग्रिलचा जुना ऑइल पेंट. घरगुती रंगात शिसं किती असावं याचा कायदा आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दहा लाख भागांत ९० भाग, त्याहून जास्त नाही. त्याआधीच्या तीस वर्षांत तुमच्या खिडकीवर जे थर चढले त्यांत काय होतं, ते डब्यावर लिहिलेलं नसायचं. रंगारी तो रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासतो किंवा ब्लो लॅम्पने जाळून काढतो, तेव्हा शिशाची धूळ आणि धूर घरभर होतो. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. तेव्हा सासूबाईंचं वाक्य थोडं बदलून घे. बाई घरात असताना खिळा नको, म्हणजे खिळा ठोकायच्या दिवसांत बाई घरात नको. दोघींचं एकमत होईल, आणि नवऱ्यासमोर तुम्ही दोघी एका बाजूला असाल. हे साधलं तर निम्मी लढाई तिथेच संपली.

त्यामुळे कोणाचं ऐकू याचं उत्तर, नणंदेचं. पाडव्याच्या आदल्या दिवशी तू आणि सासूबाई ठाकुर्लीला जा. एक खोली प्लॅस्टिक लावून बंद करू आणि तू तिथे राहा, असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. ब्रेकर चालू झाला की ती बारीक धूळ दाराच्या फटीतून, गाद्यांतून, पंख्याच्या पात्यांवरून सगळीकडे जाते, आणि वन बीएचकेमध्ये बंद करायला खोली आहे कुठे? ठाकुर्लीहून तुझी नोकरीही चालू राहील आणि दवाखाना हाताशी राहील. सांगलीच्या आईला मेअखेरीस डोंबिवलीला बोलाव. पहिलं बाळंतपण माहेरी हे खरं, पण नाव इथे घातलं आहेस तर माहेरच इकडे येऊ दे.

रजेचंही इथेच सांगून टाकते. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे मिळतात. त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ घेता येतात, म्हणजे तुझ्या बाबतीत २१ एप्रिलपासून. ते आठवडे गवंड्यावर देखरेख करण्यात घालवू नकोस. आधी खर्चलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या बाळाच्या वाट्यातून जातो.

यादीतली पहिली काट बाल्कनीच्या खोलीवर. बाल्कनी म्हणजे इमारतीने भिंतीबाहेर काढलेला हात. त्याला खांबाचा आधार नसतो. त्यावर विटांची भिंत, खिडकी, कपाट, पलंग चढवायचा आणि मधली भिंत फोडायची, हे १९८८ च्या इमारतीत कोणी सुचवत असेल तर त्याच्याकडून बाकीचं कामही करून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ते महापालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. सेक्रेटरीकडे कामाची परवानगी मागायला जाल तेव्हा तो अहवालही वाचायला मागा. तुमच्या स्लॅबबद्दल त्यात काय लिहिलंय ते काँट्रॅक्टरच्या शब्दापेक्षा जास्त मोलाचं आहे. बीम आणि कॉलमला छिन्नी लावायची नाही हे परवानगीच्या अर्जातच लिहून टाका.

आणि मुळात बाळाला खोली हवी कशाला? पहिले सहा महिने बाळाने आईच्या खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या सपाट, टणक बिछान्यावर झोपावं असं डॉक्टरही सांगतात. रात्री तीन वेळा उठणारी बाई बाल्कनीच्या खोलीपर्यंत चालत का जाईल? तुमचं बाळ रांगायला लागेल साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. ग्रिलच्या फटी, टेबलांचे कोपरे, खालचे सॉकेट, जे काही बाळासाठी बदलायचं ते दिवाळीनंतर बदलता येतं.

बाल्कनीत एवढंच करा. सिमेंटचा पत्रा शाबूत असेल तर त्याला हात लावू नका. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ग्राइंडरने कापला की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. तडकला असेल तर पाणी मारून ओला करायचा, नटबोल्ट काढून अख्खा उतरवायचा, तुकडे करायचे नाहीत. कबुतरांची विष्ठा साठली असेल तर तीही आधी भिजवूनच काढायची, कोरडी झाडायची नाही. आणि हे काम तू करायचं नाहीस, बाल्कनीत कितीही मोकळं वाटत असलं तरी.

यंदा पैसे घालायचेच तर ते संडास-बाथरूममध्ये. बाळाच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे, आणि नेमकी तीच आपण फक्त टाइल्सच्या रंगावरून निवडतो.

विचार कर. बाळंतपणानंतर सकाळी आंघोळ घालणारी बाई येईल. ती पाटावर बसून पाय पसरेल, पायांवर बाळ घेईल, तेल लावेल, चोळेल, गरम पाणी ओतेल. वारा लागू नये म्हणून दार बंद, झरोका बंद. मग तुझी आंघोळ. म्हणजे रोज पाऊण तास, लहानशा बंद जागेत, तीन जीव. तिथे गॅस गिझर असेल तर तो या पाऊण तासात खोलीतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि दार उघडायचंही भान राहत नाही. गॅस गिझरने बाथरूममध्ये दगावलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तुमच्याकडे असेल तर फोडाफोडीच्या पहिल्याच दिवशी तो कायमचा काढा आणि आयएसआय शिक्क्याचा, साठवणीचा विजेचा गिझर लावा. पंधरा लिटरचा पुरत नाही, पंचवीसचा घ्या. एक्झॉस्ट फॅन हवाच. याच कारणाने कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत शेक आणि ओव्याची धुरी नको. सासूबाई किंवा आई धुरीचा हट्ट धरतील. तिथे मात्र तू हट्ट धर. शेकायला गरम पाण्याची पिशवी आहे.

बाथरूमची फरशी खरखरीत, अँटी-स्किड. दुकानात नमुना कोरडा दाखवतात. तू त्यावर पाणी आणि थोडं खोबरेल तेल टाकून अंगठ्याने घासून बघ, कारण तुमच्या घरात पुढचे सहा महिने तीच परिस्थिती असणार आहे. दुकानदार बघत राहील, बघू दे. पाणी जायची जाळी उताराच्या टोकाला, कोपऱ्यात, आंघोळ घालणारीच्या पाठीमागे नको. तिच्या उजव्या हाताला नळ आणि बादली ठेवायला जागा हवी. भिंतीला एक पकडायचा दांडा लावून घे. आत्ता तुला लागेल, नंतर सासूबाईंना. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोड बसवून घे. नवव्या महिन्यात आणि टाक्यांच्या दिवसांत खाली बसून उठणं काय असतं ते मी सांगत बसत नाही.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स लावायच्या आधी जाळी बंद करून पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. त्या दोन दिवसांत नवऱ्याने रोज खालच्या घरी जाऊन त्यांचं छत बघायचं. काँट्रॅक्टर म्हणेल, गरज नाही साहेब, गॅरंटी देतो. गॅरंटीचा कागद खालच्यांच्या छताला चिकटवता येत नाही.

वायरिंगचं काम कर, पण कन्सील्ड नको. भिंतीत झिऱ्या मारणं हे सगळ्यात जास्त धुळीचं काम आहे, आणि त्यावर नवं प्लास्टर आलं की ते महिनाभर सुकल्याशिवाय रंग लावता येत नाही. म्हणजे तुमची चौकट तिथेच मोडली. भिंतीवरून केसिंग पट्टी, म्हणजे वायरी झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी, फिरवा. दिसायला सुंदर नाही, मान्य. पण दोन-तीन दिवसांत होतं आणि पुढे दुरुस्तीला सोपं. त्या काळच्या कितीतरी घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी होत्या आणि अर्थिंग नावालाच असायचं. ते बदलणं टाइल्सपेक्षा कितीतरी महत्त्वाचं. मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि बसवल्यावर त्याचं टेस्टचं बटण स्वतः दाबून बघा. सॉकेट झडपेचे घ्या, म्हणजे जानेवारीत रांगतं बाळ बोट घालायला गेलं तरी बोट आत जाणार नाही.

मोझॅक तशीच ठेवा. फरशीवर फरशी म्हणजे जुन्या स्लॅबवर आणखी वजन, सगळी दारं खालून कापायची, आणि वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड, ज्यावर पाणी सांडलं की बर्फ. पॉलिशवाल्याला बोलवा. मशीन पाणी मारत घासतं, राबड होते पण धूळ उडत नाही, दोन दिवसांत फरशी नव्यासारखी होते. शेवटी ते पांढरं ॲसिड पावडर वापरतात, ते तीन-चार पाण्यांनी धुवून घ्यायचं.

फॉल्स सीलिंग हा विषय माझ्यापुरता एका प्रश्नात संपतो. पाळणा कुठे टांगणार? तुमच्या हॉलच्या छताला बहुधा जुन्या कड्या असतील; १९८८ मध्ये बांधताना टाकायचे. सीलिंग केलं की त्या गेल्या, आणि बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्यावर त्या आठवतील. कड्या आहेत का ते आजच वर बघ. असतील तर गवंड्याकडून आजूबाजूचं प्लास्टर ठोकून बघायला सांग. पोकळ आवाज आला किंवा कडी गंजून पापुद्रे निघत असतील तर स्टँडचा पाळणा आण आणि हौस तिथे भागव.

रंगाबद्दल. भिंतींना पाण्यातला, कमी वासाचा इमल्शन. दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट घट्ट बसलेला असेल तर घासायचाच नाही, वरून एक हात मारायचा. पोपडे निघत असतील तेवढेच, पाणी मारून, ओल्या पेपरने. टर्पेंटाइन घालून करायचं ऑइल पेंटचं काम सगळ्यात आधी उरकायचं. रंग झाला की झाडू नाही. ओल्या फडक्याने दोनदा पुसणं, भिंतींच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत. नवरा साइटवरून ठाकुर्लीला येईल तेव्हा कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच तुझ्याजवळ येईल. सिनेमात नायक सिमेंटने माखलेला घरी येतो ते बघायला ठीक आहे. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर जिथे नवं प्लास्टर येईल तो तुकडा यंदा बिनरंगाचा राहू दे. पाहुणे विचारतील. विचारू देत.

वाळवीचं औषध मारायचा विचार असेल तर तो पहिल्या आठवड्यातच, घर पूर्ण रिकामं असताना. मे महिन्यात काँट्रॅक्टर जाता जाता म्हणेल, हेही करून टाकू का? त्याला नाही म्हणायचं.

नवं कपाट यंदा नको. प्लायवुड, सनमायका आणि डिंकातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहतं. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. बाळाला लागते एक फळी. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट एवढाच संसार. सासूबाईंच्या लोखंडी कपाटात ती फळी मिळेल. तिथून एक गोष्ट मात्र बाहेर काढ, डांबराच्या गोळ्या. नातवासाठी जपून ठेवलेली जुनी दुपटी हमखास त्याच गोळ्यांच्या वासाची असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मजात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि कावीळ चढते. जन्माआधी ते कळत नाही. म्हणून सगळे कपडे धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून.

एक गोष्ट या यादीत कधीच कोणी लिहीत नाही. काम चालू असताना पाण्याचं पिंप भरून ठेवतात आणि झाकत नाहीत. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. गरोदर बाईला डेंग्यू म्हणजे काय ते तुझे डॉक्टर सांगतील. पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचं आणि झाकण ठेवायचं. वॉटरप्रूफिंगचं पाणीही ४८ तासांवर साठवून ठेवायचं नाही. उरलेल्या पैशांत खिडक्यांना जाळ्या बसवून घे. बाळासाठी खर्च करायचा तर हा खरा.

आता पैसे. छाटलेल्या यादीला साडेसहा लाख लागणार नाहीत. नवा अंदाज लिहून मागा, प्रत्येक कामाचा वेगळा. पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. पुढचे पैसे काम बघून: वॉटरप्रूफिंगची चाचणी झाली की एक हप्ता, वायरिंग तपासलं की एक. शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या जोराच्या पावसानंतर. काँट्रॅक्टर कुरकुर करेल, पण खिडकीखाली ओल येते की नाही हे एप्रिलमध्ये देवालाही सांगता येत नाही. वाचलेल्यातले लाख-दीड लाख वेगळ्या खात्यात ठेवा. सिझेरियन झालं किंवा बाळाला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर टाइल्स विकून बिल भरता येत नाही.

आणि तुझा नवरा. तो वाईट नाही, घाबरलेला आहे. बाळ तुझ्या पोटात वाढतंय. त्याच्या हाताला काहीच काम नाही, म्हणून त्याने घर काढलं. असे बाप मी पुष्कळ पाहिले. त्याला काम दे, खरं काम. खालच्यांचं छत रोज बघणं, पिंप घासून घेणं, गिझरचं दुकान फिरणं, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून येणं. यादी त्याची, छाटणी माझी, साइट मात्र त्याची. रोज रात्री तुला फोटो पाठवायचे, आणि तू त्यावर जास्त बोलायचं नाहीस. टाइल्सची एक रेघ वाकडी गेली तर जाऊ दे.

राहिला ओटा. मी म्हणते, यंदा ओट्याला कोणी हातच लावू नये. कडाप्पा चाळीस वर्षं टिकलाय, आणखी एक वर्ष टिकेल. सिंकखाली गळत असेल तर पाइप बदला, बस. कारण बाळंतपणानंतरचे दोन-तीन महिने त्या ओट्याशी तुझी सासू उभी राहणार आहे, डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा तिच्याच हातचे असणार आहेत, आणि त्या दिवसांत तिला तिच्या सवयीचा ओटा असणं तुझ्या फायद्याचं आहे. पण नवा ओटा होईल तो पुढची वीस वर्षं वापरणारीच्या मापाने व्हावा. त्यासाठी माप देणारी बाई समोर उभी हवी, ठाकुर्लीला किंवा सांगलीला नको. तू हे घरात कोणाला बोलली नाहीस, ते बरोबरच. आता बोलायची गरज नाही. 'ताईंनी धुळीमुळे ओटा पुढे ढकलायला सांगितलाय,' एवढंच सांग. खोटं नाही ते.

दिवाळीनंतर बाळ मांडीवर बसायला लागलं की एक दिवस अनवाणी उभी राहा, कोपर वाकव, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लाव आणि त्यातून चार-पाच इंच वजा कर. तोच तुझा ओटा. सासूबाईंचंही माप त्याच दिवशी घे. फरक दोन इंचांचा निघाला तर त्यांच्यासाठी खाली एक चांगला रुंद पाट करून घेता येतो, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. दोन्ही मापं मला कळव. आणि कड्या सापडल्या का तेही.